आतल्या कडेचं कुसळ

काठीवर काठी आपटली आणि माझी धाकटी पहिल्याच दिवशी कारखान्याच्या बोळात थबकली.

"अहो, दिसत नाही का?" समोरून एक पोरगा खेकसला.

"नाही," धाकटी म्हणाली.

मी दोन पावलं मागे होते. त्याचा कान पिरगळायलाच निघाले होते, तर बघते… पोरग्याच्या काखेत कुबडी, आणि धाकटीची पांढरी काठी तिच्यात अडकलेली. पोरगा मानेपर्यंत लाल.

"माझाही एक पाय जरा दगाबाज आहे," तो पुटपुटला. "मग आता… माफी कुणी मागायची?"

"खेकसलं कोण?"

"मी."

"मग विचारता काय?"

तो हसला. धाकटीही हसली, पण तोंड दुसरीकडे करून. मी खाकरले. आई सोबत असली की खाकरावंच लागतं.

धाकटी चोवीस वर्षांची. जन्मापासून तिला दिसत नाही. अपंगांच्या प्रशिक्षण केंद्रात जायचं म्हणाली तेव्हा मीच आडवी आले होते. म्हटलं, घरात काय कमी आहे तुला? म्हणाली, "घरात सगळं आहे, आई. फक्त मला काम नाही." माझं तोंड बंद करणारं माणूस या घरात अजून जन्मलं नव्हतं, असा माझा समज होता.

वर्षभर केंद्रात तिची बोटं घडली. कागदाची जाडी, पत्र्याची धार, स्क्रूचे आटे, सगळं ती चिमटीत धरून सांगायची. मग या पंपांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर तिला तीन महिन्यांसाठी ठेवून घेतलं. जमलं तर कायम, नाही तर घरी.

टेबलावर बुश यायचे. बुश म्हणजे पितळेची बोटभर नळी, पंपाच्या पोटात बसणारी. लेथवर, म्हणजे धातू कापायच्या यंत्रावर, कापताना तिच्या कडेला कधी केसाएवढं कुसळ राहतं. ते शोधायचं. आणि तिथली रीत अशी की, ज्याचा बुश परत जाईल त्याने स्वतः टेबलाशी यायचं, चूक हाताने बघायची आणि माल घेऊन जायचं. लाज वाटावी म्हणून असेल.

सात नंबरच्या लेथवर तोच कुबडीवाला होता. तोही त्याच केंद्रात शिकलेला, चार वर्षं आधी. उंच स्टुलावर बसून असा माल काढायचा की साहेब नव्या लोकांना त्याचे बुश दाखवायचे. आणि तरी तीन आठवड्यांनंतर धाकटीच्या टेबलावरून त्याचा एक बुश परत जायला लागला. रोज. एकच.

चार वाजता कुबडीचा आवाज यायचा.

"आज काय सापडलं?"

"तुमचा आळस."

"कुठं?"

"आतल्या कडेला. बोट लावा."

"लावलं… मला तर काही लागत नाही."

"बोटं आहेत का खुंट्या? इथं. हळू… आता?"

"आता लागलं," तो म्हणायचा. आवाज असा, की शेजारच्या टेबलावरच्या पॅकिंगवाल्या बाईंच्या हातातली दोरी सुटायची. हे मला त्याच बाईंनी सांगितलं. धाकटी कशाला सांगते! ती फक्त संध्याकाळी घरी येऊन उगाच हसायची, आणि तिच्या ओढणीला पितळेचा, तेलाचा वास यायचा.

अकराव्या आठवड्यात निरोप आला : पालकांना घेऊन या.

साहेबांच्या खोलीत शिरल्या शिरल्या मी विचारलं, "चोवीस वर्षांच्या कामगाराचे पालक मागवता? तुमच्या मातोश्री कुठं आहेत? त्यांनाही बोलवा."

साहेब बिचारे भले माणूस. खुर्ची पुढे केली. "बाई, रोज एक चांगला बुश परत जातोय. एकाच मशीनचा. मी स्वतः मापं घेतली, सगळी बरोबर. मुलगी मेहनती आहे, पण… बोटांना भास होतात तिच्या. शनिवारपासून थांबवावं लागेल."

"कुसळ असतं, साहेब," धाकटी म्हणाली.

"मला नाही सापडलं."

ती अंगठा तर्जनीवर घासत राहिली. मग माझ्या कानाशी वाकून, इतक्या बारीक आवाजात म्हणाली, "आई… मला खरंच लागतं, की लागावंसं वाटतं?"

नोकरी जाईल ते एक वेळ सोसता येईल. पण पोरीचा स्वतःच्या बोटांवरचा विश्वास जायला निघाला होता. मग तिच्याकडे उरणार काय?

तेवढ्यात दाराशी कुबडी वाजली.

"भास नाही, साहेब. ते कुसळ मी ठेवतो. मुद्दाम."

साहेब खुर्चीतून अर्धे उठले.

"रोज एका बुशला. आतल्या बाजूला, इतकं बारीक की मापात येत नाही, डोळ्याला दिसत नाही. तिच्याशिवाय कुणालाच सापडू नये असं." तो दोन पावलं आत आला. "तिनं परत पाठवला की मला… टेबलाशी जाता येतं. तुम्ही तिलाच खोटं ठरवाल हे डोक्यातच आलं नाही. आजच्या ट्रेमध्येही आहे एक. कुठला ते आता मलाही ओळखता येणार नाही. तिला येईल."

साहेबांनी ट्रे मागवला. वर आणखी दोघांचा माल ओतला, हाताने कालवला आणि धाकटीपुढे ठेवला.

मी तिला तांदूळ निवडताना पाहिलंय, बटणं लावताना पाहिलंय. पण हे कधी पाहिलं नव्हतं. ती बुश उचलायची, करंगळी आत फिरवायची, ठेवायची. उचलायची, फिरवायची, ठेवायची. मान किंचित कलती, ओठ मिटलेले. पाण्यावरून वारा जावा तसे हात. माझ्या पोटची पोर, आणि मला तिच्या अंगाला हात लावायची भीती वाटली, इतकी ती मोठी दिसत होती.

"हा," ती म्हणाली.

साहेबांनी भिंग लावलं. खिडकीशी गेले. बराच वेळ आलेच नाहीत.

"आहे," ते म्हणाले. एवढंच. आणि चष्मा काढून पुसायला लागले.

पण धाकटीचे हात थांबले नव्हते. "आणि हाही."

"छे! मी एकच ठेवलं होतं," पोरगा म्हणाला.

"तुम्ही ठेवलं नसेल. राहिलंय."

भिंग पुन्हा खिडकीशी गेलं. साहेब परत आले ते हसू दाबतच. "सात नंबर, हाही तुझाच. नंबर कोरलाय."

पोरग्याचं तोंड उघडंच. मी मेलीने पदर तोंडाला लावला, नाहीतर शिट्टीच निघायची होती.

धाकटीला सोमवारपासून कायम केलं. पोरग्याला महिनाभर लेथवरून काढून खोकी बांधायला बसवलं. "कबूल," तो म्हणाला आणि खाली मान घालून निघाला.

फाटकाबाहेर त्याने आम्हाला गाठलं. धापा टाकत होता.

"बोला," धाकटी काठी आपटून म्हणाली. "माझ्या पोटावर पाय देऊन झाला ना?"

"चुकलं."

"मनात होतं तर तोंड नव्हतं?"

"तोंड उघडलं की थट्टाच बाहेर येते. खरं जे काय आहे ते… मला फक्त पितळेत सांगता येतं."

"मी आठ आठवडे रोज दुपारी चारची वाट पाहिली. आणि आज वाटलं, माझीच बोटं मला फसवतात. कळतंय का काय केलंत ते?"

त्याने डोळे पुसले. तिला ते दिसलं नाही, पण ऐकू आलं असावं, कारण तिचा आवाज मऊ झाला.

"पितळ राहू दे. तोंडाने सांगा. थट्टा न करता."

"इथं? यांच्यासमोर?" त्याने माझ्याकडे पाहिलं.

मी जिभेवर चार शब्द घेऊन तयारच होते. धाकटीने माझ्या दंडावरचा हात काढून घेतला.

"आई, तू हो पुढे. मी येते."

मला कुणी 'हो पुढे' म्हणत नाही. पण मी झाले. वळून बघणार नव्हते… खोटं कशाला बोलू, कोपऱ्यावर वळून पाहिलंच. तो काहीतरी सांगत होता, अडखळत, एकेक शब्द मोजत. ती ऐकत होती. असा उजळलेला चेहरा माझ्या लेकीचा असू शकतो, हे मला चोवीस वर्षांत माहीत नव्हतं.