गोजीचं पहिलं पाणी

"तुमच्या घरी पाणी कशातून येतं?" विज्ञानाच्या बाईंनी विचारलं.

"नळातून!" मी हात वर करून ऐटीत सांगितलं. सगळा वर्ग फिदीफिदी हसला.

"आणि नळात कशातून येतं, शलाका?"

"पाइपातून," मी म्हणाले. आमचं घर देवळालीतलं, दगडी, शंभर वर्षांहून जुनं. अशा जुन्या घरांत पूर्वी कधी कधी शिशाचे पाइप घालत, असं बाई म्हणाल्या. (शिसं म्हणजे जड, करड्या रंगाचा धातू. तो इतका मऊ असतो की सहज वाकवता येतो.) "पण शिसं पाण्यात उतरलं तर लहान बाळांच्या मेंदूला फार अपाय होतो. घरी जाऊन आपापला पाइप बघा."

रविवारी आमच्या गोजीचं उष्टावण होतं! गोजी म्हणजे माझी सहा महिन्यांची बहीण. आतापर्यंत ती फक्त आईच्या दुधावर होती. रविवारी मामा तिला खिरीचा पहिला घास भरवणार होता आणि पाण्याचा पहिला घोट पाजायचा मान माझा होता.

घरी आल्या आल्या मी टिप्याला गाठलं. टिप्या हा आमचा यंत्रमानव. तो केर काढतो, भाजी चिरतो आणि न विचारता सल्ले देतो. या वेळी मी विचारलं होतं, म्हणून स्वारी खूश झाली.

"पाइप घरात शिरतो तिथे जायचं," टिप्या म्हणाला. "नाण्याने हलकेच खरवडायचं. तांबूस दिसला तर तांबं. चुंबक चिकटला तर लोखंड. चंदेरी चकाकी दिसली आणि चुंबक चिकटलाच नाही, तर बहुधा शिसं."

स्वयंपाकघरातला पाइप प्लॅस्टिकचा, अलीकडे बसवलेला. खरा जुना पाइप मागच्या अंगणात मीटरजवळ होता. फ्रिजवरचा कैरीच्या आकाराचा चुंबक आणि एक नाणं घेऊन मी तिथे बसले. खरवडल्यावर चुन्याचा पापुद्रा निघाला आणि खाली चक्क चंदेरी चकाकी! चुंबक लावला, तर तो घसरून खाली पडला.

"शिसं," टिप्या म्हणाला. "नव्वद टक्के खात्री."

आई गोजीला कडेवर घेऊन मागेच उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं, मीही हेच पाणी पितेय!" ती आत गेली आणि काचेचा पेला भरून उजेडाकडे धरून बघू लागली. पाणी नितळ दिसत होतं. "आता वीस मिनिटं उकळीन, गाळून घेईन. मग तर चालेल ना?"

"नाही चालणार, सूनबाई," आजोबा खोलीतून बाहेर येत म्हणाले. माझे आजोबा निवृत्त धातुशास्त्रज्ञ (धातूंचे गुण अभ्यासणारे) आहेत. "पाण्यातल्या शिशाला ना रंग, ना वास, ना चव. पाइपात पाणी थांबून राहिलं की ते कणाकणाने उतरतं. शलाका, आमटी आटली की कशी लागते?"

"खारट."

"कारण पाण्याची वाफ होऊन उडते आणि मीठ मागे राहतं. शिसंही तसंच मागे राहतं. उकळल्याने जंतू मरतात, धातू जात नाही. चल, दाखव तुझा पाइप."

पाइप बघून आजोबा हसायलाच लागले. मला रागच आला. इथे आमचा जीव टांगणीला लागलेला!

"अगं, तू पाइप खरवडलास की दिवाळ्या?" ते म्हणाले. "दर दिवाळीला भिंतीला चुना लावताना पाइपालाही लागतो. मध्ये एका वर्षी मीच हौसेने त्याला चंदेरी रंग फासला होता. तू त्या रंगापर्यंतच पोचलीस! चुंबक धातूपासून जेवढा दूर, तेवढी त्याची ओढ कमी. एवढ्या थरांवरून तुझी कैरी काय ओढणार?"

धूळ उडू नये म्हणून त्यांनी पाइप ओला केला, तोंडाला रुमाल बांधला, मला लांब उभं केलं आणि पॉलिश पेपरने घासायला सुरुवात केली. एकेक दिवाळी निघत गेली. शेवटी करडा धातू दिसला. नाण्याने त्यावर ओरखडासुद्धा उठेना. मग मी चुंबक जवळ नेला.

खट्!

"लोखंड!" मी ओरडले.

"वर जस्ताचा मुलामा (गंजू नये म्हणून दिलेला पातळ थर)," आजोबा म्हणाले.

"माझी खात्री आता शून्य टक्के," टिप्या पुटपुटला.

"तू भाजी चीर," आई म्हणाली. पण ती हसत होती.

आजोबांचं मात्र समाधान झालं नव्हतं. "रस्त्याखालचा पाइप कुणी पाहिलाय? जुन्या तोट्यांत आणि सांध्यांतही शिसं असू शकतं. पाइप डोळ्यांना कळतो, पाणी प्रयोगशाळेत कळतं."

नमुना घ्यायचा तो सकाळचा, रात्रभर पाइपात थांबलेल्या पाण्याचा. शिसं असेल तर ते त्यातच जास्त सापडणार. म्हणून शनिवारी पहाटे टिप्या नळापुढे ठाण मांडून बसला. त्याने खुद्द आजोबांनाही चूळ भरू दिली नाही. मी पहिल्याच धारेची बाटली भरली आणि प्रयोगशाळेचा ड्रोन ती घेऊन नाशिकला उडाला.

रविवार उजाडला. मामा आला, खीर झाली, पण निकाल येईना. मामाने चांदीच्या वाटीतून खीर भरवली. गोजीने मिटक्या मारल्या आणि तिला उचकी लागली. उकळून गार केलेलं पाणी इवल्याशा पेल्यात तयार होतं, पण आईने त्यावर हात ठेवला. "निकाल येईपर्यंत एक थेंबही नाही."

गोजीची उचकी थांबेना. तेवढ्यात टिप्याचा दिवा लुकलुकला.

"निकाल आला. शिसं आढळलं नाही."

"किती टक्के खात्री?" आईने विचारलं.

"हे मी म्हणत नाही, प्रयोगशाळा म्हणतेय."

आईने डोळ्यांना पदर लावला. मी गोजीला चमच्याने पहिला घोट पाजला. तिने तोंड वाकडं केलं, अर्धा घोट मामाच्या नव्या सदऱ्यावर उडवला आणि परत 'आ' केला.

आजोबांनी मला एक दणकट चुंबक दिलाय. उद्यापासून आमचा वर्ग मोठ्यांना सोबत घेऊन सगळ्या आळीतले पाइप तपासणार आहे. कुठे शिसं निघालंच, तर पाइप बदलता येतो, हे आता आम्हाला ठाऊक आहे.

गोजीने पेला कधीच संपवला होता. आईने तो पुन्हा भरला. दोन दिवस ती प्रत्येक पेला उजेडाकडे धरून बघत होती. या वेळी तिने तो सरळ माझ्या हातात दिला.