लोटलेली वाट

सापळे उकळायचा दिवस म्हणजे न्हाणीघराला सुट्टी. नझार सकाळपासून तिथं मोठं पातेलं चढवून बसला होता. आत लांडग्याचे सापळे, वर मुठी मुठी स्प्रूस झाडाचा हिरवा पाला. लोखंडाचा वास गेला पाहिजे, आणि माणसाच्या हाताचा तर गेलाच पाहिजे. त्याची वहिनी लुकेर्या धुण्यासाठी गरम पाणी मागायला आली आणि दारातच थबकली.

"भाऊजी, लांडग्याला भेटायचं म्हणून एवढा थाट? देवळात जाताना कधी साधं तोंड धुतलं नाहीत."

"देव वास घेत बसत नाही, वहिनी. लांडगा बसतो."

ती हसली. ती हसली की नझारला बरं वाटायचं आणि लगेच तो सावधही व्हायचा, कारण हसून झाल्यावर ती हमखास वर्मावर बोट ठेवणारं काही विचारायची.

"लावाल तुम्ही. पण मागून खराट्यानं लोटणार कोण?"

खरा प्रश्न तोच होता. सापळा लावणं हे आमच्याकडं अर्धंच काम. लांडगा आपल्याच जुन्या पावलात पाय टाकत चालतो. ज्या वाटेनं गेला त्याच वाटेनं येतो. म्हणून त्याच्या ठशाच्या बाजूनं लाकडी फावडं आडवं घालायचं, ठशाखालचा बर्फ कोरून काढायचा, वर पापुद्र्याएवढं छप्पर ठेवायचं आणि त्या पोकळीत सापळा सरकवायचा. ठसा जसाच्या तसा. मग मागं मागं सरकत, खड्डे बुजवत, खराट्यानं आपली पावलं पुसत निघायचं, जणू माणूस तिथं फिरकलाच नव्हता. दोघा भावांची वाटणी ठरलेली होती. नझारनं लावायचं, थोरल्या येर्मोलायनं लोटायचं. येर्मोलायचा हातच वेगळा. लोटून झालं की तो हातमोज्यात बर्फ घेऊन वरून असा भुरभुरायचा, जसं पोळपाटावर पीठ. त्यानंतर खराट्याची रेघसुद्धा दिसायची नाही.

तो येर्मोलाय पहिल्या बर्फाच्या आठवड्यात तापानं गेला.

आमच्याकडं मयताची पेटी बाहेर पडली की एखादी बाई घर उंबऱ्यापर्यंत आणि अंगण फाटकापर्यंत लोटून काढते. गेलेल्याची वाट पुसायची, म्हणजे तो माघारी फिरत नाही. म्हणून तर जिवंत माणूस प्रवासाला निघाला की त्याच्या पाठीवर कुणी केरसुणीला हात लावत नाही. त्या दिवशी म्हातारी फेक्लामावशी खराटा घेऊन तयार होती. नझारनं तो तिच्या हातातून काढून घेतला.

"राहू दे, मावशी. त्याचं घर आहे. यावंसं वाटलं तर येईल."

साऱ्या गावानं ऐकलं. मावशीनं कपाळावर हात मारला. लुकेर्यानं मात्र दिराकडं असं पाहिलं की नझारला आपण केलं ते बरोबरच केलं असं वाटलं. नझार बिनलग्नाचा, त्याच अंगणात पलीकडच्या खोलीत राहणारा. भाऊ आणि भावजय, एवढाच त्याचा संसार.

लांडगे त्या वर्षी सोकावले होते. गोठ्यापर्यंत यायचे, दोन घरची कुत्री उचलून नेली होती. तेव्हा लोटायला कुणी असो नसो, नझारला जाणं भाग होतं. नदीपलीकडच्या घळीत त्यानं एकट्यानं पहिला सापळा लावला. लावला बेताचा, आणि लोटला तर अगदीच गचाळ. मांजरानं उकरून ठेवावं तशी जागा दिसत होती. हे बघून लांडगा काय, ससासुद्धा हसेल, असं पुटपुटत तो घरी आला.

दुसऱ्या दिवशी लांबून बघायला गेला, तर त्याला आपलाच सापळा सापडेना. घळ कोरी करकरीत. फक्त लांडग्याच्या ठशांची ओळ, आणि त्या ओळीच्या दोन्ही बाजूंना बर्फावर एक बारीक, सारखी भुरभुर.

नझार स्कीवर तसाच उभा राहिला. भीती नाही वाटली त्याला. खोटं कशाला सांगू, त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

"दादा…" तो हळूच म्हणाला.

एका फांदीवरून बर्फ घसरला, बस.

मग ते रोजचंच झालं. नझार लावायचा आणि मागं न बघता निघायचा. थोडं पुढं गेलं की पाठीमागं आवाज सुरू व्हायचा. शिर्र… शिर्र… तो थांबला की आवाज थांबायचा. वास मात्र कसलाच यायचा नाही. थंडीलासुद्धा वास असतो, ओल्या लाकडाचा, झाडाच्या गोठलेल्या चिकाचा. पाठीमागच्या त्या जागेला तोही नव्हता. नझार चालता चालता बोलायचा: कुणाची गाय व्याली, छप्पर कसं गळतं, लुकेर्यानं काल काय टोमणा मारला. सापळे भरायला लागले. गावकरी म्हणू लागले, गडी एकटा आहे पण काम दोघांचं करतो.

एकदा परत फिरला तर त्याच्या स्कीची वाटही पुसलेली. घर कुठल्या अंगाला हेच कळेना. अंधारून येत होतं. नझार हसायला गेला, पण हसू ओठावरच राहिलं.

"दादा, लांडग्यापासून वाट लपव रे. मला घरी जायची तेवढी ठेव…"

कसाबसा, नदीचा उतार पायानं चाचपत तो पोचला. लुकेर्यानं गरम सूप पुढं ठेवलं, उशीर का झाला विचारलं, आणि तो म्हणाला, "वाट चुकलो." त्याही दिवशी त्यानं तिला काही सांगितलं नाही.

अंगणाचं बोलली ती फेक्लामावशी. दूध द्यायला आली होती.

"नझार, तुमच्या अंगणात दोन माणसं राहतात ना? मग फाटकापर्यंत एक पाऊल दिसत नाही ते कसं? लोटतंय कोण?"

"वाऱ्यानं झालं असेल, मावशी."

"वारा," म्हातारी म्हणाली. "माझे केस काय उन्हात पांढरे झाले का?" आणि दुधाचं भांडं परत न घेताच निघून गेली.

त्यानंतर दोनच दिवसांनी, दुपार कलताना, नझार पलीकडच्या काठावरून परतत होता. समोर गावचा उतार, खाली गोठलेली नदी, आणि बर्फ फोडून केलेला पाणवठा. त्या उतारावर एरवी कुत्र्यांची पावलं, पोरांच्या घसरगाडीच्या रेघा, बायकांची ये-जा, नुसता चिखलकाला असायचा. आज सगळं कोरं होतं. पुसलेलं. राहिली होती एकच ओळ, लुकेर्याच्या लहानशा लोकरी बुटांची, घरापासून पाणवठ्यापर्यंत, ठसा न् ठसा नीट जपून ठेवलेली.

असं कुणासाठी ठेवतात ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

आणि लुकेर्या कावड खांद्यावर घेऊन येत होती. नेहमीसारखी, आपल्याच पावलात पाय टाकत. उतार संपवून ती नदीवर उतरली.

"वहिनी, थांबा… पाय टाकू नका. तिथंच थांबा…"

ती थांबली. तो लांबून वळसा घालून तिच्यापाशी पोचला आणि पुढच्या ठशात त्यानं स्कीची काठी टेकवली. ठसा खाली गेला. त्याच्याबरोबर आजूबाजूचा पापुद्रा खचला आणि पिंपाच्या तोंडाएवढं काळं पाणी उघडं पडलं. बाजूचा बर्फ हातभर जाड होता. कडा साफ होत्या, फावड्यानं तासल्यासारख्या.

"झरा असेल," लुकेर्या म्हणाली. "खालून झरा लागला की बर्फ खातो."

"झरा पावलं पुसत नाही, वहिनी."

मग त्यानं सगळं सांगितलं. घळ, आवाज, भुरभुर. ती खाली पाण्याकडं बघत ऐकत राहिली.

"कधीपासून येतात?"

"पहिल्या सापळ्यापासून."

"रोज?"

"…रोज."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"तुम्ही घाबराल म्हणून…"

"खोटं बोलू नका, भाऊजी."

खोटंच होतं ते. दादा फक्त आपल्याकडं येतो, हे त्याला सुखाचं वाटत होतं. वाटून घ्यावंसं वाटलं नाही, एवढंच खरं. नझारनं मान खाली घातली.

"मी हिवाळाभर दाराची कडी काढून निजते," ती हळूच म्हणाली. "थंडीनं दात वाजतात, तरी. म्हटलं, आले तर ठोठावायला नको. मला वाटायचं, ते आता कुठंच नाहीत…"

"वहिनी, माझा भाऊ देवमाणूस होता. पण तिकडं गेल्यावर माणूस कसा होतो कुणाला माहीत? त्याला एकट्याला करमत नाही. तो तुम्हाला न्यायला बघतोय. आज चुकलं, उद्या चुकणार नाही." त्याला धाप लागली होती. "तेव्हा मी अडवलं ते आता करायला हवं. घरच्या बाईनं. उंबऱ्यापासून लोटत जायचं, शेवटचा ढीग फाटकाबाहेर टाकायचा."

"मी लोटायचं? मीच?"

"तुम्हीच."

तिनं रिकामी कावड उचलली.

"लोटते. उजाडताच."

नझारला झोप लागली नाही. पहाटे अंगणातून आवाज आला. शिर्र… शिर्र… सावकाश, एकसारखा. तो पांघरुणात तोंड खुपसून रडला. भाऊ दुसऱ्यांदा गेला होता आणि या खेपेला त्यानंच धाडला होता. पण वहिनी वाचली, असं त्यानं स्वतःला बजावलं, आणि खरंच त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. आवाज थांबल्यावर तो बाहेर आला.

अंगण आरशासारखं झालं होतं. फाटकापाशी ढीग नव्हता. बाहेर टाकला असेल म्हणून त्यानं फाटकाबाहेर पाहिलं, तिथंही नव्हता. मग तो वळला आणि घराकडं बघत राहिला. लोटलेल्या बर्फाचा ढीग उंबऱ्याला लागून होता. कुणीतरी फाटकापासून सुरुवात केली होती आणि मागं मागं सरकत, आपली पावलं पुसत, घरात गेलं होतं. साऱ्या अंगणावर ती बारीक भुरभुर होती.

दार उघडलं. लुकेर्या बाहेर आली. डोक्याचा सुतकाचा काळा रुमाल तिनं काढून ठेवला होता, हात कोपरापर्यंत पिठानं भरले होते. आतून मासे भाजल्याचा वास आला.

"वहिनी… हे काय केलंत?"

"सांगितलंत तसंच. लोटलं."

"उलट्या बाजूनं लोटलंत… आता त्याला जायला वाटच नाही…"

"हिवाळाभर तुम्ही ठेवून घेतलंत ना त्यांना, भाऊजी?" ती शांतपणे म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "आता माझ्यापाशी राहू द्या."

ती पायरीवर उभी होती, दोन्ही हात पुढं धरून, पीठ सांडू नये म्हणून. तिच्या पाठीमागं दार हळूच आतून ओढून घेतलं गेलं, घरातली ऊब जाऊ नये म्हणून कुणीही ओढून घेतं तसं.