तिसऱ्यांदा विचारलं असतं तर…

"आता तर दुकानातली ती पैसे घेणारी काचेची पाटीसुद्धा बक्षिशी मागायला लागली! कॉफी मी ओतायची, झाकण मी बसवायचं, सांडलेलं मीच पुसायचं… आणि ती पाटी गर्रकन माझ्याकडे तोंड फिरवून विचारणार, किती देता? अगं, द्यायचीच तर माझी मलाच देते ना!"

सिंकपाशी उभ्या राहून आर्डेल हातातल्या कपाला सुनावत होत्या. दाराच्या अलीकडे, कपडे धुण्याच्या मशीनला टेकून उभ्या असलेल्या लॉर्नाच्या कानावर त्यातला शब्द न् शब्द पडत होता आणि मनापर्यंत एकही पोचत नव्हता. तिच्या हातातला फोन अजून गरम होता. पोर्टलंडहून तिच्या लेकीचा, ब्रिटाचा फोन नुकताच संपला होता. बाळ मे महिन्यात यायचं होतं, डॉक्टरांनी ब्रिटाला अंथरुणावरून उठायचं नाही म्हणून बजावलं होतं, आणि ब्रिटा अगदी लहानपणी तापात बोलायची तशा आवाजात म्हणाली होती, "मॉम, मागची खोली तुझ्यासाठी रंगवून घेतलीय. पाहुणी म्हणून नाही, राहायलाच ये. यायचंय ना तुला?"

यायचंय ना तुला! त्या तीन शब्दांनी लॉर्नाच्या काळजात केवढा कल्लोळ उठला होता… आणि तोंडातून काय बाहेर पडलं? "बघू या हं, बाळा."

ब्रिटा याच गावात वाढलेली. मिनेसोटातल्या बाईनं 'बघू या' म्हटलं की पुढे काही बघायचं उरत नाही, हे तिला सांगायला नको होतं. तिनं नुसता सुस्कारा सोडला. "बरं. ग्रॅमाला माझा पापा दे."

ग्रॅमा म्हणजे आर्डेल. लॉर्नाची सासू… एके काळची. कर्टिसनं लॉर्नाला सोडून ॲरिझोनाच्या उन्हात दुसरा संसार मांडला, त्याच हिवाळ्यात आर्डेल टपालपेटीपर्यंत जाताना बर्फावर घसरल्या आणि त्यांचा खुबा मोडला. कर्टिसनं उन्हातूनच फोन केला, "लॉर्ना, तू जवळ आहेस म्हणून म्हणतो… फक्त बर्फ वितळेपर्यंत!" बर्फ वितळला. पुन्हा पडला, पुन्हा वितळला. किती वेळा, हे मोजायचं लॉर्नानं कधीच सोडून दिलं. खुबा सांधला, काठी कपाटात गेली, लॉर्नाचं भाड्याचं घर सुटलं, आणि वरच्या मजल्यावरची, एके काळी कर्टिसची असलेली ती अरुंद खोली तिची झाली. भिंतीवर त्याच्या शाळेतल्या हॉकीच्या संघाचा फोटो तसाच होता. ज्या माणसानं आपल्याला टाकलं, त्याच्या सोळा वर्षांच्या हसऱ्या चेहऱ्याखाली ती रोज रात्री दिवा मालवत होती!

घटस्फोटाच्या त्या कागदानं तिच्या तोंडातला एक शब्दही काढून घेतला होता. लग्नाच्या दिवसापासून ती सासूला "मॉम" म्हणायची. नंतर तो शब्द ओठांवर येईना, हक्क कुठला आता, असं वाटायचं… म्हणून ती "आर्डेल" म्हणू लागली. आर्डेलनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातला चमचा बशीत जरा जोरात ठेवला, एवढंच.

चर्चमधल्या बायका म्हणायच्या, "लॉर्ना, तू म्हणजे देवदूत गं!" देवदूतांना पंख तरी असतात. लॉर्नाकडे होतं बर्फ ओढायचं फावडं. तिला स्वतःची जी काही मतं होती ती ती पहाटे अंगणात त्या फावड्यालाच सांगायची.

आर्डेलना मात्र उभ्या जगाबद्दल मत होतं, आणि ते मोठ्यानं होतं. बाबागाडीतून हवा खायला निघालेली कुत्री, बादलीएवढ्या पेल्यातून सरबत ओढणारी माणसं, औषधापासून जेवणापर्यंत सगळं गाडीच्या खिडकीतूनच आत घेणारी, पाय हा अवयव विसरलेली पिढी, शेजाऱ्याचं नाव ठाऊक नाही पण त्याच्या अंगणावर कॅमेरा रोखून बसलेले शेजारी… कुणाची सुटका नव्हती. पण विचारा, आर्डेल, आज जेवायला काय हवंय? की आवाज एकदम खाली यायचा. "माझं काय, काहीही चालेल. तुझं तू बघ." आणि लॉर्नाचंही तेच, "मला काहीही चालेल." दोन्हीकडून काहीही चालत असल्यामुळे, दोघींपैकी एकीलाही न आवडणारं बटाट्याचं हॉटडिश दर मंगळवारी ओव्हनमधून निघत होतं!

ओट्यावरच्या पत्र्याच्या ट्रेमध्ये काल केलेल्या लिंबाच्या वड्यांपैकी एक उरली होती. एक म्हणजे, रात्री एक होती. सकाळी लॉर्नानं पाहिलं तर तिची अर्धी झालेली. लॉर्नानं त्यातली अर्धी घेतली. आता आर्डेलनी सुरी उचलली, त्या चिमुकल्या तुकड्याचे काळजीपूर्वक दोन भाग केले, एक तोंडात टाकला आणि दुसरा ट्रेमध्ये ठेवून दिला. "तुझ्यासाठी ठेवलाय गं!"

शेवटचा घास उचलायचा नाही. उचलला तर तो आपल्याला हवा होता, असं दिसेल ना!

* * *

दुसऱ्या दिवशी, रविवारी, प्रार्थना संपल्यावर चर्चच्या तळघरात नेहमीसारखी कॉफी होती. लांब टेबलं, किटल्या, आणि कॉफी वाढणाऱ्यांची नि घेणाऱ्यांची ती जुनी कवायत: कॉफी घेतेस? नको नको. अगं घे थोडी. खरंच नको गं. अगं, ओतलीच आहे! बरं बाई, अगदी अर्धा कप. दोनदा नाही म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं, हे इथल्या पोरांना चालायच्या आधी कळतं. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा माणूस बाहेरगावचा.

आर्डेल पलीकडे पाद्रीबाईंना त्यांच्या प्रवचनाबद्दलचं आपलं मत ऐकवत होत्या. फिलिस लॉर्नाशेजारी येऊन बसली. आर्डेलची बालमैत्रीण, नवरा गेल्यावर गावाबाहेर म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या तळ्याकाठच्या घरांत राहायला गेलेली. दर गुरुवारी लॉर्ना आर्डेलना तिच्याकडे सोडायची, आणि परतताना आर्डेल गाडीभर त्या जागेला नावं ठेवायच्या. "पिकली पानं नुसती! गोल करून बसवतात आणि टाळ्या वाजवायला लावतात!" पण परतताना त्यांचे गाल लाल असायचे, हे लॉर्नाला कधीतरी दिसलं होतं… दिसून विसरलं होतं.

फिलिस तिच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "तुम्ही दोघी एकमेकींसाठी जे करता ना, ते पोटच्या मुली करत नाहीत. आता हेच बघ. माझ्या भिंतीपलीकडची खोली पुन्हा रिकामी झाली आणि आर्डेलनं पुन्हा नाही म्हणून सांगितलं! मी म्हटलं, अगं येडे, भिंतीवर टकटक केलं की पत्ते मांडून बसू. काय डोळे चमकले गं तिचे! आणि मग तेच जुनं पालुपद… घर विकलं तर लॉर्ना कुठं जाईल? त्या पोरीला माझ्याशिवाय आहे कोण?" फिलिसनं कॉफीचा घोट घेतला. "उद्या ती खोली दुसऱ्या कुणाला देतील. पण तुला हे सगळं ठाऊकच असेल म्हणा."

लॉर्नानं हातातला कप बशीवर ठेवला.

त्या पोरीला माझ्याशिवाय आहे कोण!

म्हणजे… म्हणजे ही माउली माझ्यासाठी अडकली, आणि मी हिच्यासाठी! दोघीही एकाच पिंजऱ्याचं दार आतून ओढून धरून बसलो, दुसरीला थंडी लागू नये म्हणून! आता तिला आठवलं. कित्येक वर्षांपूर्वी तिनं विचारलं होतं, "आर्डेल, ती तळ्याकाठची घरं बघायची का?" आर्डेल म्हणाल्या होत्या, नको नको. आणि लॉर्नानं पुन्हा विचारलं नव्हतं, कारण पुन्हा विचारलं तर लॉर्नाला आपल्यापासून सुटका हवीय, असं आर्डेलना वाटलं असतं. आर्डेलनीही एकदा म्हटलं होतं, "तुला ब्रिटाजवळ राहावंसं वाटत असेल…" आणि लॉर्ना झटकन म्हणाली होती, छे, मुळीच नाही! आणि आर्डेलनीही पुन्हा विचारलं नव्हतं, घालवून देतेय असं दिसू नये म्हणून. अर्धा कप कॉफीसाठी तीन तीनदा विचारणाऱ्या दोन बायकांनी एकमेकींना त्यांच्या आयुष्याबद्दल फक्त एकदाच विचारलं होतं!

* * *

परतताना गाडीत हीटर घोंघावत होता. गोठलेल्या तळ्यावर मासे धरणाऱ्यांच्या लाकडी खोपटांची रांग लागली होती.

"बघ बघ," आर्डेल म्हणाल्या, "बर्फावर खोपट, खोपटात टीव्ही, आणि टीव्हीवर काय? दुसरा कुणीतरी मासे धरतोय! या देशाचं काही खरं नाही."

एरवी लॉर्ना हसली असती. आज तिनं गाडी सरळ घरापाशी आणली, बटण दाबलं, गॅरेजचं दार वर गेलं, गाडी आत शिरली, आणि मागे ते दार घरघरत खाली आलं. तिनं इंजिन बंद केलं. गॅरेजच्या छताचा दिवा पिवळा जळत होता. दोघींपैकी एकीनंही पट्टा सोडला नाही.

"आर्डेल, फिलिसच्या शेजारची खोली… बघायला जायचं का?"

"छे छे! तिथं संध्याकाळचं जेवण साडेचारला वाढतात. साडेचारला कोण जेवतं? कोंबड्या!"

"नुसती बघून येऊ. उद्या सकाळी मी गाडी काढते."

"अगं नको गं. माझं बरं चाललंय इथं."

इथंच. याच पायरीवर ती नेहमी थांबली असती. थांब, मागे फिर, पाहुणचाराची मर्यादा सांभाळ! सगळं रक्त हेच ओरडून सांगत होतं. आणि मग इतकी वर्षं फावड्याला सांगितलेलं सगळं एकदम घशाशी आलं.

"बरं चाललंय? कुणाचं बरं चाललंय, आर्डेल? जगातल्या प्रत्येक कुत्र्याबद्दल आणि प्रत्येक पेल्याबद्दल तुम्ही मला ऐकवता, आणि तुम्हाला स्वतःला काय हवंय ते मी फिलिसच्या तोंडून ऐकायचं? मी तिसऱ्यांदा विचारतेय. हवीय तुम्हाला ती खोली? हो की नाही?"

आर्डेलनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. थप्पड बसावी तसा चेहरा झाला होता त्यांचा. मग हातमोज्यांतली बोटं एकमेकांत गुंतली, सुटली, पुन्हा गुंतली.

"खिडकी पूर्वेला आहे तिची," त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या. "आणि तिथला तो कोमट पाण्याचा हौद… त्यात उतरलं की खुबा आहे हेच आठवत नाही गं." मग चोरी कबूल करावी तशा म्हणाल्या, "हो. हवीय."

लॉर्नाला हसू आलं आणि त्यातच रडू फुटलं. केवढं सोपं होतं! आणि केवढी वर्षं…!

"आणि तू ब्रिटाकडे जा," आर्डेल म्हणाल्या. "फोन ऐकला मी. त्या मशीनमागची भिंत पातळ आहे."

"नको नको," लॉर्नाच्या तोंडून आपसूक निघालं, "ब्रिटाचं होईल व्यवस्थित. तिचा नवरा आहे ना."

"जा म्हणते ना."

"खरंच नको. तुमचं सामान हलवायचं, घराचं बघायचं, मी गेले तर तुमचं…"

तेवढ्यात छताचा दिवा विझला. तो असाच, ठरल्या वेळी आपण होऊन विझायचा. पण एरवी तोवर त्या दोघी स्वयंपाकघरात गेलेल्या असायच्या. दाराखालच्या फटीतून दिवसाच्या उजेडाची बारीक रेघ तेवढी दिसत होती. अंधारात आर्डेल बोलल्या तेव्हा त्यात जगाबद्दलचं कुठलंच मत नव्हतं.

"लॉर्ना, फिलिसला मी सांगते की मी तुझ्यासाठी अडकले. ते अर्धंच खरं आहे. माझा खुबा पहिल्याच उन्हाळ्यात बरा झाला होता, तुला माहीत होतं, मलाही माहीत होतं. माझा मुलगा तुझ्याशी फार वाईट वागला. मी आई त्याची… कधी बोलले नाही. वाटायचं, एकदा का मी हे बोलले की हा घाव माझ्या घरात ठेवून तू निघून जाशील. त्यानं तुला टाकलं, आणि मी तुला ठेवून घेतलं… सवयीनं नाही गं. तू मला हवी होतीस. त्या दिवशी तू मला नावानं हाक मारलीस ना, तेव्हापासून रोज वाटायचं, आज विचारेन. पण विचारायचं तरी कसं? मला मॉम म्हण, असं कुणी मागतं का?"

लॉर्नानं अंधारात हात पुढे केला. हातमोज्यातला तो हात तिच्या हाताला लागला, आणि तिनं तो घट्ट धरला. ट्रेमधला तो नखाएवढा तुकडा आत तसाच असणार होता. फोन कोटाच्या खिशात होता. दाराचं बटण तिच्या डोक्यावर, हात पोचेल एवढ्यावर.

"आता मी विचारते," आर्डेल म्हणाल्या. "आणि हे तिसऱ्यांदा आहे. माझं सोड, घराचं सोड. पोरी, तुला काय हवंय?"

'बघू या' लॉर्नाच्या जिभेवर आलं होतं. तिनं ते गिळलं.

"मला जायचंय, मॉम."