कोंब न आलेला कांदा

शेंद्र्याच्या पुढं, कांदा टिकावा म्हणून त्याला किरणं देणाऱ्या केंद्राच्या फाटकात एक टेम्पो थांबला आणि तनुजाच्या सरळ चाललेल्या आयुष्याचा पार विचका झाला. तनुजा इथली सुरक्षा अधिकारी, मूळची पैठणची. नियमाला अशी पक्की, की खुद्द मालक तिच्यासमोर बिनबॅजचा फिरत नसे. तिनं टेम्पोवर चढून पोती बघितली. सगळी कोरी... फक्त मागच्या एका पोत्याला हिरव्या चिन्हाचं लेबल लटकत होतं. म्हणजे या मालाला आधीच किरणं देऊन झाली होती आणि टेम्पो घेऊन आलेल्या गड्यानं बाकीची लेबलं उपटून टाकली होती!

गडी देवगाव रंगारीचा, नाव गोकुळ. पकडला गेल्यावर त्यानं डोकं खाजवलं आणि सरळ कबूल केलं. फवारणीचा कसा दुसरा हात मारतो, तसा कांद्यालाबी मारावा म्हटलं. लई टिकंल.

"एकदाच," तनुजा म्हणाली. "त्याच मालाला दुसऱ्यांदा किरणं द्यायची नाहीत, कायदा आहे. लेबलही काढायचं नाही. खाणाऱ्याला कळायला नको, आपण काय खातोय ते?"

"मग परत नेऊ?"

"न्या."

"आन् मी परत आलो तर... की मलाबी एकदाच?"

हसायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, पण ओठ कुठं ऐकतात! तिनं त्याला भर उन्हात प्रत्येक पोत्याला नवं लेबल बांधायला बसवलं. सुतळी धरायला मात्र स्वतःच उभी राहिली.

तो परत आला. पुन्हा आला. कधी स्वतःचा कांदा, कधी शेजाऱ्याचा. हंगाम सरला तरी मोटरसायकल येतच राहिली. कांद्यात किरणं मुरतात का, खाणाऱ्याला काही होतं का, मात्रा कोण ठरवतं... तेच तेच विचारायचा. किरणं आरपार जातात, मागं काही उरत नाही, मात्रा सरकारनं बांधून दिलीय, हे तीही तितक्याच हौसेनं सांगायची. दिवाळीपर्यंत त्याला सगळं तोंडपाठ झालं होतं. तिला ते माहीत होतं. बाई गं, काय ते दिवस!

मग एक दिवस तो आला तो तोंड पाडून. त्याच्या आईनं, चतुराबाईंनी, बियाण्यासाठी कांदे लावले होते, आणि लावले ते नेमके इथून गेलेल्या पोत्यातले. एकालाही कोंब आला नाही. नेमकं त्याच आठवड्यात गोकुळनं घरात तनुजाचं नाव काढलं. आई म्हणाली, जिथं कांद्याला कोंब येत नाय, तिथल्या पोरीच्या पोटी काय येणार?

तनुजाला राग आला, रडू आलं. जीव जडला होता ना तिचा!

"त्यांना इथं घेऊन या," ती म्हणाली. "जे विचारायचं ते मला विचारू दे."

चतुराबाई लेकासोबत आल्या. डोक्यावर पदर, गळ्यात पाहुण्यांचा बॅज, कपाळावर आठ्या. तनुजानं काचेतून सगळं दाखवलं. पोती तेवढी जाड भिंतीआड जातात, माणूस आत असला तर यंत्र सुरूच होत नाही, आणि काही बिघडलं तर किरणं सोडणारा कोबाल्ट आपोआप खोल पाण्यात उतरतो.

"काकू, कोंब येऊ नये म्हणूनच कांदा आत पाठवतो. कांदा आत जातो, मी बाहेर असते. माझ्या अंगाला किती लागलं ते हा बॅज मोजतो, आणि तो नेमानं तपासून येतो. आजवर वावगं काही निघालं नाही."

"आन् उद्या निघालं तर?"

यंत्रावर बसलेली माणसं उगाच संगणकाच्या पडद्यांकडं बघू लागली.

"तरी मला हीच पायजे, आई," गोकुळ म्हणाला. "पोरं होवोत, नाय तर न होवोत." मग तिच्याकडं वळला, कानापर्यंत लाल झालेला. "म्हंजे... तुला चालणार असंल तर."

इतके दिवस मॅडम, मॅडम करणारा हा! तनुजाला वाटलं, आता आनंदानं आपले पायच जमिनीवरून सुटणार.

"कधीपासूनच चालतंय," ती म्हणाली.

चतुराबाईंनी लेकाकडं बघितलं, पोरीकडं बघितलं.

"तुझ्या घरी पोहे खायला कधी यावं मग?"

"रविवारी या. पण पोह्यांत कांदा इथलाच असणार, काकू."

"कापताना रडवतो का?"

"लई."

"मग घाल बक्कळ," चतुराबाई म्हणाल्या.