कलम अकरा

झेरॉक्स मशीनने त्या दुपारी दोघांचे कागद एकत्र करून टाकले, म्हणून आमची ओळख झाली. संसदेच्या तळमजल्यावर मी माझ्या निवेदनाच्या प्रती काढत होते. गठ्ठ्यात एक परकं पान आलं — नव्या विधेयकाच्या मसुद्यातलं कलम अकरा. ‘कॉपीराइटची तक्रार येताच वेबसाइट चोवीस तासांत बंद करावी.’

“ते माझं आहे,” मागून आवाज आला.

“पान, की कलम?”

“दोन्ही... दुर्दैवाने.”

विधेयकावरच्या समितीच्या अध्यक्षांचा स्वीय सचिव होता तो. खिशावर शाईचा डाग, आणि डोळे — तक्रारीला जागाच नाही असे.

“मग मी तुमच्याविरुद्धच बोलायला आलेय.”

“बोला ना. रोज बोला.”

माझ्या धाकट्या भावाला जन्मापासून ऐकू येत नाही. त्याच्यासाठी मी सिनेमांना सबटायटल्स लिहायला लागले. मग त्याच्यासारख्या हजारोंसाठी वेबसाइट काढली. सिनेमा कंपन्यांच्या लेखी ती चोरी. परवानगी मागावी, तर उत्तरच यायचं नाही.

त्या सचिवाला हे सगळं पटलं. नुसतं पटलं नाही — दर रविवारी तो घरी येऊ लागला, भावाकडून खुणांची भाषा शिकू लागला. एकदा ‘चहा’ म्हणायला गेला आणि खूण केली ‘लग्ना’ची! भाऊ पोट धरून हसला. मी आपली धुतलेल्याच कपबश्या पुन्हा विसळत राहिले.

“चुकून झालं,” तो माझ्या मागे येऊन म्हणाला.

“हो का?”

“...अगदीच चुकून नाही.”

निघताना जिन्यात त्याने माझा हात धरला. “कलम अकरा जाणार. शब्द देतो.” मी हात सोडवून घेतला नाही.

मतदानाच्या सकाळी मी प्रेक्षक सज्जात बसले होते. विरोधकसुद्धा खुशीत बाकं वाजवत होते. तडजोड झाली होती: मोठ्या कंपन्यांच्या साइट्सना नोटीस, सुनावणी, महिन्याची मुदत. छोट्यांना — चोवीस तास. हा मधला मार्ग शोधल्याबद्दल अध्यक्षांनी आपल्या सचिवाचे आभार मानले.

त्याने मला बाहेर पायऱ्यांवर गाठलं.

“ऐक तरी. नाहीतर मित्रपक्ष फुटले असते, अख्खं विधेयक पडलं असतं. पुढच्या अधिवेशनात दुरुस्ती आणू.”

“कर्णबधिरांसाठी सूट मागितलीस?”

तो खिशावरचा शाईचा डाग चोळू लागला.

“एकदा तरी?”

“...नाही.”

“परवा रविवारी आमच्याकडे जेवलास. तेव्हा हे ठरलं होतं?”

“हो. पण तुझा पडलेला चेहरा मला बघवला नसता. माझं... प्रेम आहे तुझ्यावर.”

किती वाट पाहिली होती मी या वाक्याची!

“माझंही आहे,” मी म्हटलं. खोटं कशाला बोलू? “पण तुझ्याबरोबर राहायचं, तर रोज संध्याकाळी विचारावं लागेल — आज मला कशाच्या बदल्यात दिलंस?”

मी पायऱ्या उतरले. त्याने हाक मारली नाही.

कायदा लागू झाला आणि तिसऱ्या दिवशी साइट बंद पडली. भावाने एक नवा सिनेमा लावला. मी शेजारी बसून त्यातलं एकेक वाक्य त्याला बोटांनी सांगू लागले. नायकाने नायिकेला मनातलं सांगितलं, तिथे माझी बोटं अडली. भावाने वळून पाहिलं. माझे डोळे आपल्या बाहीने पुसले... आणि खूण केली — ‘पुढे?’