अर्धी फुली

मार्लीस व्होबोरिल धावपट्टीच्या टोकाशी फुली मारत होती, तेव्हा तिच्यापासून दोनशे पावलांवर एक विमान उतरलं. त्यातून टोपी सावरत एक किडकिडीत माणूस बाहेर आला.

"धावपट्टी बंद आहे," ती म्हणाली.

"वरून तसं वाटलं नाही."

"फुली दिसली नाही?"

"फुली नव्हती, बाई. एक तिरकी रेघ होती."

ते खरं होतं. बंद धावपट्टीवर मोठी पिवळी फुली घालायची, हा नेब्रास्कातल्या विमान उडवणाऱ्या शेतकऱ्यांचा रिवाज. मार्लीसनं जुन्या चादरी पिवळ्या रंगवल्या होत्या. एक रेघ विटांखाली दाबून झाली होती, दुसरी अजून ढकलगाडीत होती. अर्ध्या फुलीचा अर्थ कुठल्याही नियमात दिलेला नाही.

या गवतावरून तिच्या वडिलांनी तीस वर्षं विमान उडवलं. हिवाळ्यात ते गेले. आता शेजारचा डेल्मर इथं ज्वारी पेरणार होता.

पाहुण्याचं नाव ऑरिन टॉफ्ट. साठ मैलांवरच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायचा आणि शनिवारी जुन्या नकाशावरच्या शेतातल्या धावपट्ट्या शोधत फिरायचा.

"एकतीस होत्या. सव्वीस नांगरल्या गेल्या," तो म्हणाला. "हिला पुढच्या शनिवारपर्यंत तरी राहू द्या."

"पुढच्या शनिवारी काय आहे?"

"मला पुन्हा उतरायचंय."

"कशाला?"

तो खाली बघत राहिला. "गवत... चांगलं आहे."

मार्लीसनं डेल्मरला फोन केला, चादरींचा रंग वाळायचाय म्हणून सांगितलं.

"एवढ्या उन्हात?"

"जाड लावलाय."

पुढच्या शनिवारी ऑरिन आला. त्याच्या पुढच्याही. मार्लीस कोलाचे, म्हणजे जर्दाळू भरलेले गोड पाव, भाजून ठेवायची. तो चार खायचा आणि प्रत्येक वेळी 'हा शेवटचा' म्हणायचा. शुक्रवारी ती गवत कापायची. गवत फार वाढतं, असं स्वतःला सांगायची. मधेच केव्हातरी दोघांमधलं 'तुम्ही' गळून पडलं.

डेल्मरचा फोन आला. "रंग वाळला का गं?"

"एका बाजूनं."

"माझ्याकडे रंग तासात वाळतो. तुझ्या रंगासाठी दर शनिवारी विमान येतं म्हणे." मग तो जरा नरमला. "पोरी, पेरणीची वेळ टळतेय. सोमवारी नांगर घालू, की नको म्हणतेस?"

सोमवारपर्यंत सांगते, असं मार्लीस म्हणाली. धावपट्टी गेली की शनिवारही गेला. तो गवतासाठी येतो की आणखी कशासाठी, हे विचारायचं धाडस तिला होत नव्हतं... विचारलं आणि उत्तर 'गवत' आलं तर?

शुक्रवारी दिवसभर पाऊस पडला. शनिवारी धावपट्टीची खीर झाली होती. तरी तिनं कोलाचे भाजलेच. अकराला विमान आलं, दोन घिरट्या घातल्या. तिनं दोन्ही हात हलवून 'नको' सांगितलं. विमानानं एक पंख झुकवला आणि ते उत्तरेकडे निघून गेलं.

"बरं झालं," ती ताटाला म्हणाली.

एकच्या सुमाराला अंगणात चिखलानं माखलेला ट्रक येऊन थांबला. ऑरिन उतरला.

"तुझ्याकडे गाडी आहे?"

"सहा वर्षं झाली."

"रस्त्यानं किती वेळ लागतो?"

"सव्वा तास. विमान बाहेर काढून, तपासून, उडून यायला दीड."

"मग विमानानं का यायचास?"

तो टोपीची कड चाचपत राहिला. "गाडीनं आलो असतो तर... कशासाठी आलो ते सांगावं लागलं असतं."

पागोळ्या टपटपत होत्या. मार्लीसनं दाराची चौकट धरली.

"आज गाडीनं आलायस."

"हो."

"मग सांग."

"तुझ्यासाठी," तो चिखलाकडे बघत म्हणाला. मग मान वर करून पुन्हा म्हणाला. नाहीतर चिखलाचा गैरसमज झाला असता.

तिला हसू आलं. डोळेही भरले. डोळे पुसून ती म्हणाली, "डेल्मरला हो सांगते. चल, चादरीचं दुसरं टोक धर."

दोघांनी मिळून दुसरी रेघ अंथरली. शेवटची वीट ठेवताना तिला वडिलांची आठवण होऊन रडू कोसळलं. ऑरिननं चादर ताणून धरली आणि पार पलीकडच्या कुंपणाकडे बघत थांबला. तिचं रडून झाल्यावरच त्यानं हात पुढे केला. तिनं तो धरला, मातीसकट.

"आता शनिवारी उतरायला जागा नाही," तो म्हणाला.

"शनिवारच कशाला हवा?" ती म्हणाली. "रस्ता रविवारीही चालू असतो."