सँडबर्ड्सची शेवटची जागा

तो चेंडू थेट माझ्या अंड्यांवर पडला.

अजमानची बस शारजाच्या जॅममध्ये अडकली म्हणून मी उतरून चालत निघाले होते. हातात तीस अंड्यांचा ट्रे. मैदानाच्या जाळीवरून पांढरं काहीतरी आलं... आणि फच्च!

"मेल्याला डोळे नाहीत का!" मी मराठीत पुटपुटले. इथे कोणाला कळतंय?

"आहेत की," जाळीपलीकडून मराठीतच उत्तर आलं. "तुमच्याकडे वळायला जरा उशीर झाला."

हा बेसिल. वसईचा. इथल्या एका हॉटेलात बँक्वेट सांभाळायचा. हॉटेलने बेसबॉलची टीम काढली होती – शारजा सँडबर्ड्स. मार्चअखेर लीग, तोवर सरावाचे अजून सहा शनिवार. "पुढच्या शनिवारी या, नवी अंडी देतो," म्हणाला.

मी गेले. अंडी मिळाली. मग घरी जायचं, तर तिथेच बसले. का बसले, ते विचारू नका, मलाही माहीत नाही. कोचने माझं अक्षर बघून स्कोअरची वही हातात दिली.

"अहो, मला बेसबॉल येत नाही!"

"इथे कोणाला येतंय, मॅडम?" शेजारून सोमनाथ म्हणाला. संगमेश्वरचा क्रेन ऑपरेटर, फॅन्सचा स्वयंघोषित अध्यक्ष. जाळीजवळ चाळीस-एक माणसं जमायची, आणि प्रत्येकाचं मत ठाम. "चेंडू टाकणारा पिचर बरा आहे, पण तिसऱ्या डावात हात ढिला पडतो. कॅचरचे गुडघे खलास. सहा टीममध्ये आपण पाचवे. देव पावला तर चौथे."

"आणि बेसिल?" मी अगदी सहज विचारलं. निदान मला तसं वाटलं.

सोमनाथ हसला. "बघा की आता."

बेसिलने झकास टोला मारला. चेंडू घरंगळत गेला... आणि हा पठ्ठ्या हात वर करून जागेवरच उभा! "नो! वेट!"

"अरे पळ! पळ!" सगळी जाळी हलली.

क्रिकेटमध्ये वाढलेला माणूस, रन आहे की नाही ते आधी बघणार. बेसबॉलमध्ये ती सोयच नाही. मैदानात चेंडू मारला की पळायचंच. कोच घसा फोडून सांगायचा, बेसिल मान डोलवायचा, आणि पुन्हा हात वर.

माझ्याशीही त्याचं तेच चाललं होतं.

"हा रंग छान दिसतो तुम्हाला..." म्हणायचा, मी वर बघितलं की, "...म्हणजे लांबून ओळखू येता." पाण्याची बाटली द्यायचा, बोटं लागली की असा दचकायचा, जणू गरम तव्याला हात लावलाय. माझ्या खोलीतली स्मिता म्हणायची, "विचार ना सरळ!" पण विचारायचं काय? आधी मला तरी कळू दे ना, मला काय हवंय ते.

पाचव्या शनिवारी बुटाची नाडी बांधत तो म्हणाला, "हॉटेल तिकडे ओमानमध्ये, सलालाला नवी शाखा काढतंय. टीममध्ये आलो तर सीझनभर इथेच. नाही आलो तर... सलाला."

"छान असतं म्हणे सलाला."

"हो. नारळ आहेत."

एवढंच! हे मला का सांगितलं? मत मागितलं, की निरोप घेतला? आठवडाभर माझी भाजी करपली.

सहाव्या शनिवारी एकच जागा उरली. ती फॅन्सनी ठरवायची, ही कोचची पद्धत. एकीकडे बेसिल, दुसरीकडे यहया. रत्नागिरीचा, मारायला कच्चा, पण पळायला वारा. हात वर झाले. वीस. वीस.

"मनाली मॅडम राहिल्या!" सोमनाथ ओरडला.

सगळे माझ्याकडे वळले. बेसिल सोडून. तो वाळूकडे बघत होता.

मांडीवर वही उघडीच होती. सहा शनिवारांत बेसिल अकरा वेळा नुसता उभा राहिला होता, माझ्याच अक्षरात.

मी यहयासाठी हात वर केला. आणि खाली घेतानाच डोळे भरून आले.

गर्दी पांगल्यावर तो आला. "तुम्ही मला पाडलंत."

"हो."

"बरोबरच केलंत." मग बुटातली वाळू झटकत, "पण... वाईट वाटलं."

"टीमला यहया हवा होता," मी म्हटलं. "मला तुम्ही हवे होतात. पण मला फक्त टीमचंच विचारलं."

त्याचे कान लालबुंद.

"मनाली, मी... मला वाटायचं, तुम्ही वहीसाठी येता."

"वहीसाठी कोण येतं हो?"

"गुरुवारी निघतोय मी." त्याने माझा हात धरला. या वेळी दचकला नाही. "महिन्यातून दोन दिवस सुट्टी. येण्याजाण्यातच जाणार. मग भेटायचं कधी?"

"व्हिसा काढते. मीच येते अर्ध्यापर्यंत. मध्ये काय लागतं?"

"काही नाही. वाळवंट. एक पेट्रोल पंप आहे म्हणतात."

"मग तिथे," मी म्हटलं.